खालचे मोजे, वरचे मोजे

—हो हो, बरोबर आलात, ‘चौथं मशीन’वालेच आम्ही, या, आत या, दार असंच राहू द्या—आणि त्या टेबलाला तेवढा धक्का लावू नका. एक पाय आखूड आहे त्याचा. खाली कागदाची घडी सरकवलीय, ती निसटली की प्रोजेक्टर थेट माझ्या मांडीवर. बसा. कुठेही बसा. चाळीस खुर्च्या आहेत, एकोणचाळीस रिकाम्या, निवडायला भरपूर वाव. नाही नाही, लवकर नाही आलात, चार वाजून गेले की. रविवार, दुपारचे चार, वाचनालयाच्या तळमजल्यावरची खोली—बारा वर्षं हेच चाललंय. बाकीचे? येतील. येतात. म्हणजे कधीकधी येतात. मागच्या रविवारी एक गृहस्थ आले होते, पण ते स्वच्छतागृह शोधत होते.

पाय पुढे करा. अहो, लाजताय काय, मोजे बघायचेत मला—हं. दोन्ही निळे. म्हणजे नवीनच तुम्ही. जुना माणूस जोडीचे मोजे घालून या खोलीत पाऊल टाकत नाही. आमच्यात रीत आहे—नवीन आलेल्याने एक जोड आणायची, त्यातला एक ठेवायचा, दुसरा एका जुन्या सभासदाला द्यायचा, आणि त्याच्याकडून त्याचा एक घ्यायचा. झालात तुम्ही एकमेकांचे जोडमोजे. दर रविवारी दोघांनीही एक पाय आपला, एक पाय दुसऱ्याचा. हसताय? हसा. बाहेरचे सगळे हसतात. माझी बायको तर म्हणायची, लग्नात एवढे विधी नव्हते आपल्या.

‘चौथं मशीन’ मालिका पाहिली असेलच तुम्ही—पण सगळेच म्हणतात पाहिली, आणि मग कळतं की पाहिली मोबाईलवर, जेवताना, अर्धी. तेव्हा मुळापासून ऐका. कार्टून आहे. हो, कार्टूनच, ‘ॲनिमेशन’ म्हणा म्हणून बजावणारे चार शहाणे होते आमच्यात, ते आता वर असतात. तर एक काकू. तिची लाँड्री. चार मशीन, त्यातलं चौथं बिघडलेलं—त्याचं दार उघडलं की पलीकडे दुसरं विश्व. तिथेही लाँड्री, तिथेही काकू, पण तिथे कपडे माणसांना धुऊन वाळत घालतात, नाहीतर तिथे साबणाला मताचा अधिकार आहे, नाहीतर तिथे काकूच सरकार. आणि आपल्या धुण्यातला एक-एक मोजा हरवतो ना, तो म्हणे त्या विश्वांत जातो. तो शोधायला काकू आत शिरते आणि काका बाहेर दार धरून उभा. दार मिटलं की संपलं. एवढीच गोष्ट. यावर चाळीस शिकली-सवरलेली माणसं दर रविवारी भांडत होती. एक बँकेतल्या बाई होत्या, त्यांनी हरवलेल्या मोज्यांची वही केली होती—दोनशे चौदा मोजे, रंग, भोक असल्यास कुठे. एक डॉक्टर होता, दातांचा, तो फक्त एकच विचारायचा—दुसऱ्या विश्वातलं पाणी या विश्वात आलं तर बिल कुणाला येणार? दर आठवड्याला. एकदा तर तिसऱ्या विश्वातला हिरवा मोजा आणि सातव्यातला हिरवा मोजा एकच का, यावर असा आरडाओरडा झाला की वाचनालयाच्या बाई धावत खाली आल्या आणि हळूच विचारतात, कुणी गेलं का?

ते? ते काही नाही. वर खुर्च्या सरकवतात. हं, हसताहेत. हसतातच ते, दर रविवारी, बरोबर सव्वाचारला, मोठमोठ्याने, खाली ऐकू जावं म्हणून. ते वरचे मोजे. आम्ही खालचे मोजे. आम्ही म्हणजे—मी. पण संस्था माणसांच्या संख्येवर नसते, घटनेवर असते, आणि घटना माझ्या कपाटात आहे.

फुटलो कशावरून? बटणावरून. खरं सांगतो, थट्टा नाही. दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग—काकू आत जाते, दार मिटायला येतं, काका ओरडतो, आणि शेवटच्या क्षणाला ती बाहेर पडते. तिच्या कोटाचं बटण पहिल्या भागापासून डावीकडे. बाहेर पडते तेव्हा उजवीकडे. गालावरचा तीळसुद्धा या गालावरून त्या गालावर. काका तिच्याकडे बघतो. तीन सेकंद नुसता बघतो. मग म्हणतो, ‘चहा ठेवू का?’ संपला भाग. झालं—वरच्यांचं म्हणणं, ही ती काकूच नव्हे. खरी पलीकडेच राहिली, आली ती दुसरीच कुणी, आणि काकाला ते कळलंय. आणि माझं म्हणणं—अहो, मी चष्मेवाला माणूस, तीस वर्षं लोकांचे नंबर काढतोय, समोर काय आहे आणि माणसाला काय दिसतं यात किती अंतर असतं हे मला विचारा—माझं म्हणणं, चूक आहे. चित्र काढणाऱ्याची चूक. कंटाळला, चुकला. त्या तीन सेकंदांत काही खोल नाही, हलतं चित्र काढायचे कष्ट वाचवलेत. बरं, पुढच्या पर्वात बटण पुन्हा डावीकडे! त्याचं काय? तर म्हणे, नवीन काकूने रात्रीतून उसवून जागेवर लावलं. घ्या! तिळाचं काय मग, तोही उसवला?

हे बटणाचं काढलं मास्तरने. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिंपी—माझ्या दुकानासमोरच त्याचं दुकान. आम्ही दोघांनी मिळून हे मंडळ काढलं. पहिल्या रविवारी आम्ही दोघेच होतो इथे, आणि चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यानेच मांडल्या. आता शिंप्याला काय दिसणार? बटणच दिसणार. उभा राहिला, गळ्यात टेप तशीच, काढायला विसरतो नेहमी—आणि म्हणाला, काकाला पहिल्या नजरेत कळलंय. पण दार मिटलंय. आता जी आलीय तिला ओरडून काय उपयोग, तिचंही घर पलीकडेच राहिलं असेल ना? म्हणून तो चहा विचारतो. आणि ती, बिचारी, बटण बदलून घेते, त्याला परकं वाटू नये म्हणून. पुढचं सगळं पर्व दोघं एकमेकांना सांभाळून घेताहेत, असं म्हणाला. बँकेतल्या बाई डोळे पुसताहेत. मोज्यांची वही करणारी बाई! आणि मला आला राग. का आला विचारू नका—म्हणजे, मी अध्यक्ष, नियम माझा, पडद्यावर दिसेल तेवढंच बोलायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. आणि सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे कुणी नाही. हेही होतं. आणि मी म्हणालो—चाळीस जणांसमोर म्हणालो—‘मास्तर, तुझ्या घरची बाई बदलली म्हणून आमची काकू बदलत नाही.’

असं बघू नका माझ्याकडे. एकदोघे हसलेसुद्धा तेव्हा. दातांचा डॉक्टर हसला होता. आज वर बसून मला माणुसकी शिकवतो.

वहिनींना, म्हणजे मास्तरच्या बायकोला, ताप मेंदूत गेला होता. दीड महिना रुग्णालयात. बऱ्या होऊन घरी आल्या, चालतात, जेवतात, गाणंही गुणगुणतात, पण हा कोण ते आठवत नाही. त्यांना वाटतं, हा शिंपी. म्हणजे आहेच तो शिंपी—पण रोज सकाळी दुकानात येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, मास्तर, माझा कोट झाला का? आणि हा सुई खाली ठेवून म्हणतो, उद्या या. रोज. माझ्या काउंटरवरून सगळं दिसतं. मला ठाऊक होतं की नाही? होतं. चांगलं ठाऊक होतं. माझं ते ऐकून मास्तर उठला. आपली खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली, नीट, पडू नये अशी, आणि गेला. त्याच्या मागोमाग नऊ जण उठले, पुढच्या आठवड्यात वीस, आणि महिन्याभरात वरची खोली सुरू झाली. दोन वर्षं झाली. दुकानं अजून समोरासमोरच आहेत. तो गिऱ्हाइकाला मागच्या दाराने घेतो आता.

हे—हे बघितलंत? तपकिरी. उजव्या पायातला. हा त्याचा. टाचेला रफू दिसतोय? शोधून सापडणार नाही असा होता, त्याच्याच हातचा. आता पुन्हा विरलंय तिथेच. शिंपी काय, शंभर आहेत गावात. पण दुसऱ्या कुणाकडे कसा देणार?

काय ते तुमच्या हातात? मघापासून चिठ्ठी चुरगळताय. दाखवा. ‘वाचनालयाची इमारत, चार वाजता, वरचा मजला.’ वरचा मजला! मग आल्या-आल्या सांगायचं नाही का हो? अर्धा तास माझं ऐकत बसलात—हो, बरोबर, मी बोलू कुठे दिलं. जा, जा, उठा, तिकडे खुर्ची मिळायची नाही तुम्हाला, उभं राहावं लागेल. तिकडे नाश्ताही असतो. जा की—अहो! टेबल! सांगितलं होतं की नाही, धक्का लावू नका म्हणून! धरा तो प्रोजेक्टर, धरा—हां. आणि तो कागद द्या इकडे. राहू द्या, मी घालतो खाली. द्या म्हणतो ना. उघडू नका—

वाचलंत.

बसा मग. नाहीतर उभेच रहा. हो, मालिकेच्या स्टुडिओचाच आहे. मीच लिहिलं होतं त्यांना, भांडण झालं त्याच आठवड्यात, तीन पानं, बटणाचं मोजमाप काढून. वाटलं, उत्तर आलं की मास्तरच्या तोंडावर मारीन, सगळ्यांसमोर. पाच महिन्यांनी आलं. ते चित्र ज्या मुलीने काढलं तिचंच आहे पत्र. म्हणते, त्या आठवड्यात आमच्यातले तिघे आजारी होते, नवीन चित्र काढायला वेळ नव्हता, म्हणून जुनंच चित्र आरशासारखं उलटं करून वापरलं. त्यामुळे बटण तिकडे, तीळ तिकडे. तीन सेकंदही त्यासाठीच ताणले. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माफ करा. खाली सही. म्हणजे माझंच खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं. हा कागद वर नेऊन नुसता भिंतीला चिकटवला असता ना, तर तीस जण त्याच जिन्याने खाली आले असते, आणि डॉक्टर सगळ्यांत पुढे.

नेणार होतो. खोटं कशाला बोलू, पत्र आलं त्या सकाळी दुकान न उघडता थेट निघालो होतो—घडी खिशात, मनात भाषण तयार. आणि समोर वहिनी उभ्या. माझा कोट झाला का? आणि तो म्हणाला, उद्या या. मग थांबला. आणि मग म्हणाला, ‘बसता का जरा? चहा ठेवू का?’ आणि त्या बसल्या. पहिल्यांदाच बसल्या हो. तेव्हापासून रोज बसतात. आता सांगा, मी जाऊन काय म्हणू त्याला? की बाबा रे, ते तीन सेकंद काहीच नव्हते, तीन माणसं आजारी होती फक्त?

टेबलाचा पाय आखूड होताच. घडी बरोबर बसली.

आता ऐका. तुम्ही काही वाचलं नाही. हा कागद टेबल डुलू नये म्हणून आहे. वर गेल्यावर विचारतील, खालचा म्हातारा काय म्हणतो—विचारतातच, प्रत्येक नवीन माणसाला विचारतात, करमणूक आहे ती त्यांची—तर सांगा, अजून हेका सोडत नाही, चूकच आहे म्हणतो, पण पुरावा मागितला की विषय बदलतो. हसतील. हसू द्या. आणि खिडकीशी एक जण बसला असेल, गळ्यात टेप असलेला, तो हसणार नाही. त्याच्या पायांकडे बघा. उघड नको, चिठ्ठी पडल्यासारखं करून वाका आणि बघा. डाव्या पायात. पिवळा आहे का. माझा पिवळा होता.

नाही—मला सांगायला खाली येऊ नका. कशाला? मला काय करायचंय. मी? मी नाही येत वर, गुडघे दुखतात माझे. चढवत नाही.

जिना उजवीकडे, अठरा पायऱ्या आहेत, मधली एक सैल आहे तेवढी जपून. जा आता. आणि दार ओढून घ्या जाताना—नको. थांबा. असू द्या उघडंच.