धुरपदाबाईंचा काळा करकोचा

सन्माननीय अध्यक्ष उमाशंकर सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आपल्या शाळेच्या सेविका धुरपदाबाई, आणि मागं दारापाशी उभे असलेले माकणीचे गावकरी हो, सर्वांना या विज्ञानाच्या मास्तराचा नमस्कार. जेवणाची वेळ टळत चालली, हे दिसतंय मला. तरी पाच मिनिटं द्या.

दसरा सरला की उत्तरेकडची पाखरं आपल्या धरणावर उतरतात. पाण्यात शिरलेल्या त्या जमिनीच्या सोंडेवर आपली शाळा दरवर्षी त्यांची गणना करते. दुर्बीण आम्हा मास्तरांच्या गळ्यात, पण पाखरू आधी दिसणार ते बाईंना! चार वर्षांपूर्वी त्या म्हणाल्या, "सर, काळा करकोचा हाय. मान बगा, काळीच हाय." आणि नोंदवहीत तसं लिहिलंही.

गणनेचे प्रमुख होते आजचे आपले अध्यक्ष. ते म्हणाले, "पांढऱ्या मानेचा असणार तो. काळा इथं कुठला? झाडणाऱ्या बाईनं झाडावं." तांबड्या शाईनं ओळ खोडली आणि मला विचारलं, "तुम्ही पाहिलात?"

सर, बसा ना. आत्ताच उठू नका. घाम मलाही फुटलाय.

मी म्हणालो, "धुई होती सर, नीट दिसलं नाही." साफ खोटं! धुई कसली? लख्ख ऊन होतं. लाल चोच, लाल पाय, काळी मान. दुर्बिणीतून चांगला पाहिला होता मी. पण नोकरी नवी, कायम होण्याचा अहवाल सरांच्या हातात. भ्यालो. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, बस्स. त्यानंतर चार वर्षं त्या चहाची किटली घेऊन सोंडेवर आल्या, पण एकाही पाखराचं नाव त्यांनी घेतलं नाही. लई लाज वाटते हो त्याची.

ही ती नोंदवही. खोडलेली ओळ अजून वाचता येते. तिच्याखाली मी लिहून आणलंय, 'मीही पाहिला. काळा करकोचाच होता.' सही तेवढी राहिलीय. ती तुमच्या सगळ्यांसमोर करायची होती.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. त्या दिवशीच्या खोट्याची माफी मात्र मी बाईंकडंच मागतो. काय म्हणता, बाई?

"आधी सही करा, मग बगू," म्हणतात.

करतो, बाई. गडबडीत पेन विसरलोय. अध्यक्ष महोदय, जरा आपला देता?