शिराळ्याचं गाडगं
मी इंटर्न पोरांवर फार ओरडते, असं तुमचं म्हणणं ना? मग हे ऐका. वापरलेल्या सुईवर टोपण परत लावू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. तरी परवा वॉर्डात बघते तर काय! वडूजच्या आजींचं रक्त काढून झालेलं, आणि आमचा नवा इंटर्न, नागपंचमीला जिवंत नाग धरणाऱ्या शिराळ्याचा, एका हातात सुई अन् दुसऱ्या हातात टोपण घेऊन उभा. आजींना रक्तातून पसरणारी कावीळ! ओरडले असते तर दचकून त्यानं सुई बोटातच घुसवली असती. म्हणून अगदी गोडीत विचारलं, "काय रं, तुझा आजा नाग धरल्यावर त्याचं तोंड बोटानं मिटायचा व्हय?"

पोरगा जागच्या जागी थांबला. "न्हाई मॅडम. सरळ गाडग्यात सोडायचा."

"मग?"

त्यानं सुई तशीच नेऊन कोपऱ्यातल्या, वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकली.

आज सकाळी त्याच आजींचं रक्त काढायला दुसरी इंटर्न गेली. आजींनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "बाय, आदी तुजं गाडगं जवळ आण. मग टोच."