चार नंबरची हिरवी टाकी

—हिरवा, काका, आधी हिरवाच खटकला मला. रोजचा नव्हता तो. जरा निळसर, शेवाळासारखा. मनात म्हटलं, असेल, काल कॉम्प्युटरवर नवं अपडेट आलंय, रंग उजळले असतील— तुम्ही टाक्यांकडच्या फाटकाची चावी शोधा हो, माझ्याकडे नका बघू. गप्प राहवत नाही, म्हणून बोलतेय. बाबांचा फोन वाजतोय अजून. नुसता वाजतोय.

टाक्यांचा तक्ता मीच काढते ना रोज— सहा टाक्या, आत किती विषारी वायू साचलाय त्याचा. आकडे आपोआप येतात, मी त्यांना रंग देते. वायू कमी— हिरवा, मास्कशिवाय उतरा. जास्त— लाल, झाकणालाही हात नको. बाबा या टाक्यांत उतरतात, त्यांच्यासाठीच सुरू केलं हे. ते म्हणायचे, "कॉलेज तू शिकलीस, मग आकड्यांत मला कशाला घोळवतेस? रंग सांग, रंग." आणि मी काय केलं— प्रोग्रामला रंगांची नावं सांगितलीच नाहीत! नुसतं लिहिलं, कमी असेल तर पहिला रंग, जास्त असेल तर दुसरा. तेव्हा पहिला हिरवा होता, दुसरा लाल. दोन वर्षं सुरळीत चाललं. घरच्या माणसाला कुणी 'ए पहिल्या', 'ए दुसऱ्या' म्हणून हाक मारतं का? मी मारली. आणि अपडेटनं क्रमच फिरवला— पहिला आता लाल. म्हणजे बघा, आज पाच टाक्या लाल दिसतायत, त्या पाची धडधाकट आहेत. हिरवी एकटी चार नंबर, वायू साचलाय तो तिच्यातच. माणसं आज तिच्यातच उतरणार ना— दुसरीकडे कुठे जातील?

ती नव्हे हो, ती सायकल स्टँडची— पितळेची बघा, मोठी.

मघाशी सहज आकड्यांवर नजर गेली तेव्हा कळलं. दुरुस्त केलं लगेच, पण कागद तर नऊलाच लागलाय कपडे बदलायच्या खोलीत. आता वाजले— नको, घड्याळ नका दाखवू. भोंगा? भोंग्याची किल्ली साहेबांनी काढून घेतली, मागच्या आठवड्यात मी उगाच वाजवायला लावला म्हणून. सगळे हसले. तुम्हीही हसलात, काका, 'भित्री भागूबाई' म्हणालात. राग नाही माझा. पण म्हणूनच— म्हणूनच सकाळी ते पाच लाल बघितले तेव्हा— हो, बघितले मी. कागद लावायच्या आधीच बघितले. शंका आली, ती तशीच गिळली. पुन्हा हसतील म्हणून. अपडेटनं पिवळ्या पट्टीत सांगितलंही होतं, रंगांचा क्रम बदललाय म्हणून— मी न वाचताच बंद केली ती पट्टी. आणि बाबांनी दारातनं विचारलं, "काय गं भागूबाई, आज एकच हिरवी?" मी काय म्हणाले माहितीय? "जा की डोळे झाकून."

उतरताना फोन वर ठेवतात ते, झाकणापाशी बसलेल्या माणसाकडे. म्हणजे बाबांनी स्वतः उचलला, तर ते अजून वरच आहेत. त्यांनीच उचलावा. शिव्या घालू देत, काम सोडून काय गप्पा मारतेस म्हणू देत— ही? हीच असेल, लावा, फिरवा जोरात— थांबा! थांबा, कुलूप नका वाजवू. उचलला.

हॅलो, बाबा! चार नंबरमध्ये उतरू नका, चार नंबरमध्ये—

कोण?

...बाबांना द्या ना फोन.