टाकीत दोन पंप

"विमानाचं इंजिन कधी तहानेनं मरत नसतंय!" मुकुंदवाडीत बोअरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या कडूबानं विमानात बसताच जाहीर केलं.

"मग पट्टा दोनदा कशाला आवळला?" बायको सारजाबाई म्हणाली.

मागच्या सीटवर पहिल्यांदाच उडणारा फरहान खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत होता.

कडूबा सांगू लागला, "पंखात तेलाची टाकी. टाकीत दोन पंप. तेल गाळून इंजिनात जातं, तिथं बारीक फवारा होऊन पेटतं."

"आपल्या बोअरलाबी दोन मोटरी होत्या."

"तिथं तळाला पाणीच नव्हतं. इथं उलटं हाय. टाकीच्या बुडाला साचलेलं पाणी उडायच्या आधी काढून टाकतात."

"अगं बाई! दुष्काळात पाणी फेकतात?"

फरहानला हसू फुटलं, त्यानं खुर्चीचा हात सोडला. तेवढ्यात इंजिन गरजलं.

"सारजे."

"काय?"

"खिडकीचं झाकण ओढ. मला ते इंजिन दिसायला नको."