लीनाबाईसाठी सोमवार

लीन : "फोनवर रडायचं नाही. तू रडलीस तर मेई जेवणार नाही." चीनहून निघताना आईनं बजावलं होतं. म्हणून मी लेकीला फोनच कमी करते, कौसल्याताई.

कौसल्या : अगं, पन कॅनडाला निघालीस, हे तरी सांगशील का न्हाय पोरीला?

लीन : तिथं पोचल्यावर सांगेन.

दत्तोबा : वालचंदनगरात येऊन एवढं टर्बाईन फिरवलंत, लीनाबाई, आन् एवढ्याशा पोरीला भ्यायलात?

लीन : टर्बाईन विचारत नाही, दत्तूभाऊ, "आई, कधी येणार?"

कौसल्या : काय कबूल केलंयस तिला?

लीन : आमच्या नव्या वर्षाला येते म्हणून. संक्रांतीनंतर असतं ते. पण कॅनडाची कंपनी म्हणते, त्याआधी हजर व्हा. जाऊ दे. व्हिसा आला ना? आता तुमचं उद्यापन करू. माझ्यासाठी किती सोमवार उपास केलेत! चुरमा मी करणार.

कौसल्या : बघू की. खिचडी घे, गार व्हतीय.

लीन : बघू काय?

दत्तोबा : उद्यापन न्हाय व्हायचं इतक्यात.

कौसल्या : अवो, गप बसा की!

दत्तोबा : का गप? हिनं व्हिसासाठी न्हवतं धरलं व्रत. हातावर पानी घिऊन म्हादेवाला म्हणली, या मायलेकींची गाठ पडू दे. मी शेजारीच हुतो, बेल घिऊन.

लीन : मग व्हिसा?

दत्तोबा : तो तुमच्या हुशारीनं आला. म्हादेवाला त्यातलं काय कळतंय!

लीन : ताई, मला का नाही सांगितलं?

कौसल्या : तुझ्या जिवाला घोर कशाला? एवढं शिकलीस, तू जा बाई. मी धरीन आनकी सोमवार.

लीन : तुम्हाला पित्त होतं. परवा चक्कर आली होती.

कौसल्या : व्हतंय थोडं.

लीन : महिनाभर उशिरा येते म्हटलं, तर ते जागा दुसऱ्याला देतील.

कौसल्या : देतील बी. मी न्हाय कसं म्हनू?

दत्तोबा : आन् थांबतील बी! तुमच्यासारखी मानसं तिकडं काय ढिगानं पडल्यात व्हय?

(लीन ताटली खाली ठेवून उठते.)

लीन : चौकातला फोनचा बूथ उघडा असेल?

दत्तोबा : असंल की. थांबा, जीप काढतो.

लीन : नको, चालत जाते. कॅनडाच्या साहेबाशी कसं बोलायचं, ते वाटेत जुळवते. नव्या वर्षाला मी मेईकडं. नंतर त्यांच्याकडं.

कौसल्या : कोपऱ्यावरचा दिवा गेलाय गं. बॅटरी घिऊन जा.