फिल्टर कोणी धुतला

मी, खाणीमागच्या क्वाड गॅरेजची मेकॅनिक, वय ४३ वर्षे, धंदा क्वाड दुरुस्त करणे व भाड्याने देणे, राहणार गॅरेजच्याच वरच्या मजल्यावर, आई व थोरल्या भावासोबत, स्वतः ठाण्यात येऊन सांगते ते असे:

मला कोणी बोलावलेले नाही. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, काल इथे जे लिहून देऊन बसला आहे ते खोटे आहे, म्हणून आले. हवालदार म्हणाले, "ताई, खोटे हा शब्द जरा जपून वापरा." मी म्हटले, जपूनच वापरला आहे, लिहा तसाच.

घटना परवाची आहे. बेकरीवाले आमचे जुने गिऱ्हाईक. सुट्टीला क्वाड घेतात, म्हणजे मोटरसायकलसारखे हँडल असलेली चार जाड चाकांची गाडी, आणि बंद खाणीतल्या कच्च्या वाटांवर फिरवतात. परवा दुपारी उतारावर त्यांनी एक्सिलरेटर सोडला तरी गाडी हळू झाली नाही. त्यांना घेऊन खड्ड्यात गेली. ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. इथे येण्याआधी मी दवाखान्यात त्यांच्या बायकोला भेटले. त्यांनी फक्त बाकावर सरकून मला जागा दिली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

गाडी मी उघडली तेव्हा तपासाचे साहेब समोर उभे होते. कार्बोरेटरमध्ये बारीक धूळ शिरून आतली स्लाइड, म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, उघडी ती उघडीच अडकली होती. धूळ तिथे एअर फिल्टरमधून जाते, दुसरी वाट नाही. साहेबांनी विचारले, "स्वस्तातला माल लावता का?" मला राग आला. कागदी फिल्टर डांबरी रस्त्याच्या गाडीला ठीक आहे. आमच्या खाणीतली धूळ पिठासारखी, शिवाय ओढे ओलांडावे लागतात, कागद दोन फेऱ्यांत लगदा होतो. "हवा जास्त ओढतो, गाडी पळते" असे सांगून दुसरे फिल्टर विकायला येणारे पुष्कळ येतात. हवा जास्त ओढतो म्हणजे धूळही जास्त ओढतो, एवढे कळायला शाळेत जावे लागत नाही. आम्ही दोन थरांचा फोमच लावतो. त्या गाडीतला फोम फाटलेला नव्हता, नीट बसवलेला होता, अगदी स्वच्छ होता. फक्त कोरडा होता. त्यानेच घात केला.

हवालदारांनी विचारले, स्वच्छ असेल तर घात कसला? तर फोम नुसता धूळ अडवत नाही. त्याला चिकट तेल लागते, धूळ त्या तेलाला धरून राहते. साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, मग तेल मुरवायचे आणि कडेला ग्रीस लावून बसवायचा. तेल लावलेला फिल्टर हाताला चिकटतो आणि मळका दिसतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटते, हा धुवायचा राहिलाय.

आमच्याकडे फिल्टर आई धुते. वडील गेल्यावर गॅरेज तिनेच चालवले, मला पाना धरायला तिनेच शिकवले. आता इंजिनाला हात लावत नाही, पण फिल्टर कोणाला देत नाही. दादा गिऱ्हाईक बघतो. त्याने तरुणपणी एकदा फिल्टर टॉवेलासारखा पिळून त्याची शिवण उसवली होती, तेव्हापासून आईने त्याला धुण्याच्या टपाजवळ फिरकू दिलेले नाही. आणि हा गृहस्थ काल इथे सांगतो की फिल्टर मी धुतला, तेल मीच विसरलो. अहो, आमच्या तेलाचा डबा कुठल्या फळीवर असतो ते विचारा त्याला. सांगता आले तर मी ठाणे झाडून देते.

आज सकाळी काय झाले ते सांगते. काल मी राहिलेल्या गाड्यांचे फिल्टर उघडले, सगळे तसेच कोरडे. रात्री बसून सगळ्यांना तेल लावले आणि फळीवर ठेवले. सकाळी चहा घेऊन खाली आले तर आई टपाशी बसलेली. तेल लावलेला एक-एक फिल्टर उचलून साबणात बुडवत होती. मला म्हणाली, "काय गं, असे चिकट ठेवलेत कोणी? शिसारी येते." मी म्हटले, आई, ते धुतलेले आहेत, तेल लावलंय. ती म्हणाली, "हो का? बरं." आणि पुढचा उचलला. दादाने हे आधीच ओळखले असणार. म्हणून तो काल आपणहून पोलिसांच्या गाडीत बसला.

मला भाऊ सोडवायचा आहे. आईला इथे उभे करायचे नाही. दोन्ही कसे होणार ते मला कळत नाही, आणि तसे लिहिले तरी चालेल.

आईला एकटे ठेवता येत नाही म्हणून बरोबर आणले, बाहेर बाकावर बसवले होते. हवालदारांनी साहेबांसमोर ओळख पटवायला जप्त फिल्टर पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि दादालाही कोठडीतून इथे आणले. तेवढ्यात आई आत आली. कोणी अडवायच्या आत तिने फिल्टर उचलला, दाबला, बोटे एकमेकांवर चोळून पाहिली आणि साहेबांना म्हणाली, "ह्याला तेलच नाही. माणूस मरेल अशाने. कोणी धुतला हा?"

मी दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, "मी धुतला, आई."

आई त्याच्यावर ओरडली, "तू? तुला मी कधी टपाला हात तरी लावू दिलाय का? खोटं कशाला बोलतोस साहेबांसमोर? ज्याने धुतलाय त्याचं नाव सांग. असल्या माणसाला मी गॅरेजात पाय ठेवू देणार नाही."

हे साहेबांनी व हवालदारांनी स्वतः ऐकले आहे. ज्याने धुतला त्याचे नाव आई अजून विचारते आहे. आम्ही दोघांनीही तिला ते सांगितलेले नाही.

हा जबाब हवालदारांनी मला हळू आवाजात वाचून दाखवला, कारण आई शेजारी बसली आहे. मी सांगितले तसाच लिहिला आहे, म्हणून सही करते.