घराला दार नाही

नगरच्या दवाखान्यात अंबिकाबाई नवऱ्याच्या एक्स-रेची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर शनिशिंगणापूरची एक आत्या आणि पुण्यात बी.एस्सी. शिकणारी तिची भाची कांचन दबक्या आवाजात बोलत होत्या. नको नको म्हणताना अंबिकाबाईंचे कान तिकडंच लागले.

“डाक्टर तुज्याशी विंग्रजीत काय बोलला गं?”

“काही नाही, आत्या. गोळ्या बदलल्यात.”

“मग डोळे का पुसती? ह्यो कॅन्सर करतो तरी काय, ते सांग.”

“अगं, अंगातली प्रत्येक पेशी आपापल्या घरात राहते. कुठं थांबायचं ते तिला आतूनच कळतं.”

“कोन सांगतं तिला?”

“आतच काहीतरी अगदी बारीक असणार. अजून शोधतायत.”

“म्हंजी आपल्या गावावानीच. एकाबी घराला दार न्हाई, पर कुनी दुसऱ्याच्या घरात शिरत न्हाई.”

“हो, अगदी तसंच.”

“आन् ते बारीक हरवलं मंग?”

“मग पेशी घर सोडते. दुसरीकडं शिरते.”

“माजी कुनाच्या घरात शिरली?”

मागे रिपोर्टची पिशवी चुरगळल्याचा आवाज आला.

“कांचन, सांग की.”

“लिव्हरमध्ये, आत्या. म्हणजे काळजात.”

“काळजात? तितं तर तू ऱ्हाती. जरा सरकून बस आता.”

“आत्या, गप गं!”

“बरं, गप बसते. पर सुट्टीला येत जा, मी नसले तरी. घराला कुटं दार हाय आपल्या?”